दीडशे लिटरांचा समुद्र

निवृत्त बापाला अमेरिकेतल्या मुलाच्या घरी काय काम असते, असे मला पूर्वी कोणी विचारले असते तर मी सरळ सांगितले असते, ‘काही नसते.’ सकाळी खिडकीतून शेजारच्या अंगणातल्या खारी मोजाव्यात, दुपारी मुंबईची वर्तमानपत्रे फोनवर वाचावीत आणि संध्याकाळी मंडळी घरी परतली की, ‘बाबा, आज काय केलंत?’ या प्रश्नाला ‘काही नाही, बसलो होतो,’ असे प्रामाणिक उत्तर द्यावे, हाच दिनक्रम. सौ.चे बरे असते. तिला जगाच्या पाठीवर कोठेही स्वयंपाकघर सापडते, आणि स्वयंपाकघर सापडले की तिचे राज्य सुरू होते. माझे ऑफिस मात्र सुटले ते सुटलेच.

पण गेल्या खेपेच्या मुक्कामात मला एक नोकरी लागली. नोकरी दहा दिवसांची होती, बिनपगारी होती, आणि ज्या साहेबाची चाकरी करायची तो मुका, आंधळा आणि जागचा न हलणारा होता. त्या दहा दिवसांत माझ्या हातून अशी एक चूक झाली की, चौतीस वर्षांच्या कारकुनीत तसली कधी झाली नव्हती. किंवा खरेच सांगायचे तर, तीच चूक मी पूर्वीही एकदा केली होती. फक्त ती चूक आहे, हे त्या वेळी मला कोणी सांगितले नव्हते.

न्यू जर्सीतल्या चिरंजीवांच्या दिवाणखान्यात, जिथे आपल्याकडे शोकेस असते तिथे, एक काचेची पेटी आहे. चाळीस गॅलनची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरांची. आपल्याकडे दिवाणखान्यात मासे ठेवतात तशातलीच ही हौस असेल, असे मला पहिल्या दिवशी वाटले. मासे होतेही, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन. पण चिरंजीवांचा जीव माशांत नव्हता. तो होता तळाच्या वाळूवर बसलेल्या एका प्राण्यात.

हा प्राणी म्हणजे पोवळ्याच्या जातीतला एक दगडी प्रवाळ. आकार साधारण आमटीच्या वाटीएवढा. कड अशी वळणावळणाची दुमडलेली, की एखाद्या सुगरणीने करंजीला मुरड घालावी आणि मुरड घालता घालता थांबायचेच विसरावे. कडेचा रंग ओल्या कुंकवाचा, मधला भाग कैरीच्या सालीसारखा हिरवा. संध्याकाळी पेटीवरचा पांढरा दिवा मंद होऊन निळा तेवढा राहिला की, हे दोन्ही रंग आतून कोणी निखारा फुलवावा तसे उजळत. त्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकीफायलिया. हौशी लोक त्याला मेंदूपोवळे म्हणतात, कारण त्याच्या वळ्या मेंदूसारख्या दिसतात. मेंदू मात्र त्याला मुळीच नसतो. अशी उदाहरणे आमच्या ऑफिसातही होती; पण ती इतकी सुंदर नव्हती.

“हे फूल कसलं रे?” मी पहिल्याच दिवशी विचारले.

“आजोबा, ते फूल नाही. ॲनिमल आहे!” असे म्हणून माझी नऊ वर्षांची नात इतकी हसली की मी ओशाळलो. मागाहून कळले की, ओशाळण्याचे कारण नव्हते. थोरामोठ्यांनाही हेच वाटत होते. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने, पोवळे ही वनस्पती नसून प्राणी आहे, असे पॅरिसच्या विद्वानांना कळवले, तेव्हा त्यांनी ते मानले नाही. एकाने तर, या बिचाऱ्याचे हसे नको म्हणून, त्याचे नावही उघड केले नाही. विद्वानांचे असे, तर मी कोण?

त्या संध्याकाळी चिरंजीव पेटीपुढे मांडी घालून बसले आणि मला समजावून सांगू लागले. आता आमच्या चिरंजीवांची बोलण्याची तऱ्हा अशी की, फोनवर ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवतो’ या तीन शब्दांत संभाषण आटोपते. तोच हा मुलगा त्या दिवशी पाऊण तास बोलत होता. त्याने सांगितले की, वाळूत दिसते ते फक्त मांस. आत पांढरा, चुन्याचा सांगाडा असतो, आणि तो हा प्राणी पाण्यातला चुना वेचून वेचून स्वतःच बांधतो. म्हणून पाण्यात चुन्याचे द्रव्य पुरेसे लागते. लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्याच्या मांसात सूक्ष्म, एकपेशीय शेवाळ राहते. हे शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि घरमालकाला त्यातला मोठा वाटा देते. घरमालक त्याला आसरा देतो. असे भाडेकरू मुंबईत कोणाला मिळाले आहेत?

“आणि याला काय काय करावं लागतं?” मी विचारले.

“काही करावं लागत नाही, बाबा,” तो म्हणाला. “काही होऊ द्यायचं नाही, एवढंच. पाणी साडेपंचवीस अंशांवर. क्षारता १.०२६. उजेड बेताचा, प्रवाह मंद. कालच्यासारखा आज, आणि आजच्यासारखा उद्या. हा प्राणी ज्या समुद्रातून आला तो समुद्र फार मोठा असतो. मोठ्या समुद्रात काही चटकन बदलत नाही. आपला समुद्र दीडशे लिटरांचा. इथं सगळं चटकन बदलतं. ते बदलू द्यायचं नाही, हेच काम.”

तो बोलत होता आणि मला एकाएकी त्याचा बारावीनंतरचा प्रवेशअर्ज आठवला. त्या अर्जावर पहिल्या पसंतीच्या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात ‘प्राणिशास्त्र’ असे लिहिले होते. ऑफिसात दुसऱ्यांचे मसुदे तपासणे हाच माझा धंदा. मी लाल पेन काढले, तो शब्द खोडला, आणि ‘बाळ, यावर घर चालत नाही,’ असे म्हणून त्याला अभियांत्रिकीचा नवा अर्ज आणून दिला. तो काही बोलला नाही. नवा अर्ज त्याने तितक्याच स्वच्छ अक्षरात भरला. पुढे तो इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला, घर उत्तम चालले. त्या खोडलेल्या शब्दाची मला इतक्या वर्षांत एकदाही आठवण झाली नव्हती. ती त्या निळ्या उजेडात झाली.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली आणि मुलगा, सूनबाई आणि नात फ्लोरिडाला जायला निघाली. सौ.चा गुडघा धरला होता, म्हणून आम्ही दोघे मागे राहिलो. निघण्याच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी फ्रिजवर एक यादी लावली. मला वाचायला सोपे जावे म्हणून मुद्दाम मराठीत लिहिली होती. अक्षर तेच, स्वच्छ.

यादीत सहा कलमे होती. तापमान रोज दोनदा पाहावे. दिवे आपोआप लागतात आणि विझतात, त्यांना हात लावू नये. माशांना चिमूटभर खाऊ. मंगळवारी आणि शनिवारी रात्री दिवे विझल्यावर प्रवाळाला गोठवलेली बारीक कोळंबी, वितळवून, पिचकारीने, अगदी हळू. रविवारी क्षारता मोजावी. आणि शेवटचे कलम: ‘रोज सकाळी पांढऱ्या डब्यातले पाणी काचेवरच्या खुणेपर्यंत घालावे. निळा डबा मी आल्यावर वापरीन.’

बुधवारी मंडळी गेली. गुरुवारी सकाळी मी पाहिले तो पाणी खुणेच्या खाली उतरले होते. घरात हीटर चोवीस तास चालतो, हवा कोरडी, दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी सहज उडून जाते. मी पांढरा डबा उघडला आणि सवयीप्रमाणे तपासणी केली, म्हणजे बोट बुडवून चाखले. पाणी अळणी. आपल्या स्वयंपाकघरातल्या आर.ओ.च्या यंत्रातून येते तसे. मग निळा डबा चाखला. तो खारट. मग पेटीतले पाणी चाखले. (“अहो, हे काय चाललंय?” असे सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.) तेही खारट.

आता तुम्हीच सांगा, समुद्रातल्या प्राण्याला कोणी अळणी पाणी देईल का? मी क्षणात निष्कर्ष काढला: निघण्याच्या गडबडीत पोराने रंग उलटे लिहिले. चौतीस वर्षे मी असल्याच चुका पकडत आलो होतो. पेन्सिल घेतली, यादीवर ‘पांढऱ्या’ हा शब्द खोडला आणि वर ‘निळ्या’ असे लिहिले. एक चूक दुरुस्त केल्याचे समाधान कितीतरी वर्षांनी मिळाले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, असे चार दिवस मी पेटीत निळ्या डब्यातले खारे पाणी भरले.

शनिवारी रात्री खाऊ घालायचा होता. सौ.ने कोळंबीची वडी वितळवली आणि वाटीत पाहून म्हणाली, “अगोबाई, हा तर जवळाच की!” तिचे माहेर मालवणचे. कोळंबीच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात शेवटचा असतो. दिवे विझल्यावर एरवी त्या प्राण्याच्या वळ्यांच्या कडेने बारीक बारीक पारदर्शक बोटे बाहेर येत. खाण्याचा वास लागला की ती हलत, आणि मधे कुठेतरी चिरेएवढे तोंड उघडे. मंगळवारी मुलाने आम्हाला ते दाखवले होते. पण त्या शनिवारी एकही बोट बाहेर आले नाही. जवळा तसाच वाळूवर पडला आणि माशांनी तो खाल्ला.

सौ. काचेजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “याचं तोंड उतरलंय.”

मी हसलो. ज्याला चेहरा नाही त्याचे तोंड उतरणार कसे?

“हसू नका. तापातून उठलेलं पोर दिसतं ना, तसं दिसतंय. अंग बघा कसं आत गेलंय.”

मी चष्मा पुसून पाहिले. एरवी पाण्याने टम्म फुगलेले ते मांस आवळले होते. करंजीची मुरड सांगाड्याला चिकटली होती. आणि उजव्या कडेला, नखाएवढ्या जागेत, मांस मागे सरून पांढरा चुना उघडा पडला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. रविवारी सकाळी शेवटच्या वेळी निळे पाणी घातले, आणि मग यादीतल्या कलमाप्रमाणे क्षारता मोजायला बसलो. त्यासाठी लहानशा दुर्बिणीसारखी एक नळी असते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले की, निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथे आकडा वाचायचा. आकडा निघाला १.०२८. मी नळी पुसून पुन्हा पाहिले. १.०२८च.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडल्यावर मला घाम फुटला. पाणी उडून जाते. मीठ उडून जात नाही. मीठ पेटीतच राहते. म्हणून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी अळणीच पाणी घालायचे असते. निळ्या डब्यातले खारे पाणी असते, ते अधूनमधून पेटीतले जुने पाणी काढून नवे भरण्यासाठी. मी रोज अडीच लिटरांबरोबर मूठ मूठ मीठ त्या प्राण्याच्या अंगावर टाकत होतो. आणि हे कोणाला कळू नये? जन्मभर लोकलच्या खिडकीतून वडाळ्याची, मुलुंडची मिठागरे पाहिलेल्या माणसाला! ऊन पाणी नेते आणि मीठ ठेवते, यावर ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पोट भरले, त्या शहरातून मी आलो होतो.

फोन करणे भाग होते. पण काय सांगायचे? ‘डबे चुकले’ असे सांगता आले असते. म्हातारा माणूस, परकी जागा, दोन डबे सारखेच. कोणीही विश्वास ठेवला असता. मी मनातल्या मनात ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिले. मग फ्रिजवरच्या यादीकडे लक्ष गेले. तिथे माझ्या पेन्सिलीने खोडलेला शब्द होता.

मी फोन लावला. तो समुद्रकाठी होता. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मी त्याला सगळे सांगितले, आकडा सांगितला, पांढऱ्या कडेचे सांगितले. “पण डबा कसा चुकला, बाबा? मी लिहून ठेवलं होतं ना?” त्याने विचारले.

“चुकला नाही,” मी म्हणालो. “मला वाटलं, तू चुकीचं लिहिलंस. म्हणून मी ते खोडलं.”

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग तो म्हणाला, “वाटलं असेल.”

तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

मग त्याने उपाय सांगितला. मी विचारले होते की, सगळे पाणी एकदम काढून आताच ठीक करू का? “मुळीच नको,” तो म्हणाला. “तांबड्या समुद्रात याचेच भाऊबंद याहून खारट पाण्यात सुखानं राहतात. आकड्यानं तो आजारी पडला नाही, बदलानं पडला. एकदम गोड पाणी घातलंत तर तो दुसरा बदल. चार दिवसांत चढलंय, चार दिवसांत उतरू दे. रोज दोन लिटर पाणी काढा, आणि पांढऱ्या डब्यातलं घाला, अगदी सावकाश. खाऊ बंद. आणि सारखं हात घालून बघू नका.”

ते चार दिवस मी विसरणार नाही. पांढऱ्या डब्यातून एक रबरी नळी काढून तिला गाठ मारली, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने पडे. देवळात पिंडीवर अभिषेकपात्र ठेवतात, त्याची आठवण होत होती. मी खुर्ची टाकून बसत असे. सौ. विणकाम घेऊन शेजारी बसे. बाहेर बर्फ पडत होते. हात घालायला मनाई, खायला घालायला मनाई, दिवा वाढवायला मनाई. आजाऱ्याजवळ नुसते बसणे एवढेच आमच्याकडे उरले होते. मला वाटते, प्रेमातला सर्वांत कठीण भाग हाच असावा. काहीतरी करणे सोपे असते. आपण आपल्या माणसांसाठी किती तरी करतो, आणि केल्याचे आपल्याला समाधानही असते. पण आपण काही करू नये, समोरचा जसा आहे तसा त्याला राहता यावे एवढेच पाहावे, हे मी कधी केले नव्हते.

एका संध्याकाळी सौ.ने गळ्यातल्या पोवळ्याला हात लावला आणि विचारले, “हे यातलंच का हो?” मी तोवर चिरंजीवांच्या कपाटातली पुस्तके चाळली होती. दागिन्यातले तांबडे पोवळे निराळ्या कुळातले. त्याचा सांगाडाच तांबडा असतो. याचा सांगाडा पांढरा, रंग तेवढा मांसात. म्हणजे मेल्यावर ते पोवळे आपला रंग राखते, आणि हे मात्र पांढरे होऊन जाते. सौ.ने गळ्यातले मणी पदराआड घेतले.

बुधवारी रात्री आकडा १.०२६ वर आला. गुरुवारी रात्री दिवे विझल्यावर सौ.ने मला झोपेतून उठवले. मी काचेशी वाकलो. डाव्या कडेच्या एका वळीतून तीन-चार बोटे बाहेर आली होती. केसाएवढी. आम्ही दोघे कितीतरी वेळ काही न बोलता उभे होतो.

शनिवारी मंडळी परतली. चिरंजीव बूट न काढताच पेटीपुढे बसले. त्यांनी उजवी कड निरखून पाहिली. मांस फुगले होते, पण नखाएवढी जागा तशीच उघडी होती. “एवढं राहील,” तो म्हणाला. “कदाचित भरेल, कदाचित नाही.” मग आपणहून फ्लोरिडाचे सांगू लागला. तिथे २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला होता की, एका उथळ खाडीत पाण्याचे तापमान ३८ अंशांवर गेले. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जरी कित्येक आठवडे तापलेले राहिले, तरी प्रवाळाच्या अंगातले शेवाळ निघून जाते, रंग जातो, आणि ते पांढरे पडून उपाशी राहते. त्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांनी रोपवाटिकांतली प्रवाळे समुद्रातून काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली होती. २०२४ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जगभरच्या प्रवाळांवर असे संकट येण्याची ही चौथी वेळ.

“तुम्ही एका पेटीत दोन आकड्यांनी चूक केलीत, बाबा,” तो म्हणाला. “आणि चार दिवसांत परत फिरवलीत. तिथं परत फिरवायला कोणी पांढरा डबा ठेवलेला नाही.”

“मग असला प्राणी घरात आणावाच कशाला?” सौ.ने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्यानेही तो टाळला नाही. हा ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातून परवान्याने आलेला. दगडी प्रवाळांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली परवान्यानेच होतो. पण हा घेतल्यावर त्याला चुटपुट लागली. तेव्हापासून तो समुद्रातले नवे घेत नाही. आपण गुलाबाची फांदी देतो तशी दुसऱ्या हौशी लोकांच्या पेटीतल्या प्रवाळांची कलमे तेवढी घेतो, आणि देतो. “पण याला आणलाय ना,” तो म्हणाला, “मग सांभाळायला हवा.”

सूनबाई चहा करायला गेली. सौ. तिच्यामागे गेली. आम्ही दोघेच राहिलो. चहा यायच्या आत बोलायला हवे, नाहीतर पुन्हा बोलणे व्हायचे नाही, असे मला वाटले.

“ते प्राणिशास्त्राचं,” मी म्हणालो, “तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं.”

त्याने पेटीतून मान वळवली नाही. “तुम्ही विचारलं असतं, तरी मी तुमचंच ऐकलं असतं, बाबा.” आणि थोड्या वेळाने: “पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.”

चहा आला. विषय तिथेच राहिला. पण जाण्याच्या दिवसापर्यंत पेटीत पाणी घालण्याचे काम माझ्याकडेच होते. यादी त्याने नवी लिहिली नाही. फ्रिजवर तीच होती. माझा ‘निळ्या’ खोडून त्याने वर पुन्हा ‘पांढऱ्या’ लिहिले होते, आणि खाली कंसात ‘बाबा, विचारा!’

मुंबईला परतल्यावर कट्ट्यावर मी ही हकीकत सांगितली, तेव्हा दोघातिघांनी उत्साहाने विचारले की, असले पोवळे इथे कुठे मिळेल? त्यांना सांगितले तेच वाचकांनाही सांगतो: इथे मिळणार नाही, आणि मिळवूही नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सर्व दगडी प्रवाळांना वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे. पाहायचे असेल तर ते त्याच्या घरी जाऊन पाहावे. लक्षद्वीप, अंदमान दूर वाटत असेल तर मालवणला जावे. सिंधुदुर्गाभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. सौ. लहानपणी दर वर्षी होडीतून त्यावरून किल्ल्यात जात असे. होडीखाली काय आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आणि मला तरी कोणी सांगितले होते? किनारा रस्त्याचे काम चालले असताना, २०२० साली, हाजी अलीच्या आणि वरळीच्या खडकांवरची लहान लहान प्रवाळे उचलून दुसरीकडे हलवावी लागली होती. ती बातमी त्या वेळी वर्तमानपत्रात आली असणार आणि मी ती उलटून पुढे गेलो असणार. चौतीस वर्षे मी बसच्या खिडकीतून हाजी अलीचा समुद्र पाहिला. कधी भरती, कधी ओहोटी, एवढेच दिसले. तिथल्या काळ्या खडकावर, शहराच्या सगळ्या सांडपाण्याला तोंड देत, कोणीतरी चुना वेचून घर बांधीत बसले आहे, हे कळायला मला न्यू जर्सीला जावे लागले.

हल्ली रविवारी रात्री व्हिडिओ कॉल येतो. त्यांची सकाळ असते. पूर्वी ‘हं’ आणि ‘बरं’ यांत कॉल संपायचा. आता चिरंजीव आधी फोन पेटीकडे नेतात आणि विचारतात, “बाबा, उजवी कड बघा. काय वाटतं?”

मी चष्मा लावून बघतो. नखाएवढी जागा होती, ती आता अर्ध्या नखाएवढी राहिली आहे. निदान मला तसे वाटते. पण मी ते लगेच बोलून टाकत नाही. आधी त्याला विचारतो, “तुला काय वाटतं?”